समुद्रापलीकडे पदवीची किंमत : दंतवैद्यांच्या स्थलांतराची गोष्ट, रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून

१/
१८८० च्या सुमाराची गोष्ट. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील रोझेल या गावी थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दंतवैद्याच्या दवाखान्यात आपला क्रमांक येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. वेळ जावा म्हणून त्यांनी तेथे पडलेले एक मिशनरी मासिक उचलले. त्यात हिंदुस्थानातील पोस्टखात्यात नोकरी करणाऱ्या एका गृहस्थाचा पत्रव्यवहार छापला होता. आपल्या पत्नीने अमेरिकेत जाऊन शिकावे, अशी त्याची इच्छा होती. ते गृहस्थ म्हणजे गोपाळराव जोशी आणि पत्नी म्हणजे आनंदीबाई.

२/
पुढचा भाग आपणा सर्वांस ठाऊक आहे. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून जहाजात बसल्या. मार्च १८८६ मध्ये, वयाची एकवीस वर्षे पूर्ण होण्याआधी, त्यांनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळवली. कोल्हापूर संस्थानाने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमणूक देऊ केली. अमेरिकेत पुन्हा परीक्षा द्या किंवा कोल्हापुरात नव्याने सिद्ध करा, असे कोणी म्हटले नाही. फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयाने त्यांचा अंत झाला, हे दुर्दैव वेगळे. पण त्यांची पदवी समुद्र ओलांडून आली आणि तशीच्या तशी स्वीकारली गेली.

३/
आज रत्नागिरी जिल्ह्यातील खेड येथे दंत महाविद्यालय आहे. तेथून किंवा मुंबई-पुण्याहून दंतशास्त्राची पदवी घेतलेला एखादा कोकणी तरुण लंडनला, टोरांटोला किंवा न्यूयॉर्कला जातो, तेव्हा त्याची पदवी विमानतळावर उतरताक्षणी अर्धी होते. पुन्हा परीक्षा, पुन्हा शुल्क, कित्येकदा पुन्हा महाविद्यालय. दीडशे वर्षांपूर्वी जी पदवी एका दिशेने सहज आली, ती उलट दिशेने अडते का? या धाग्यात दंतवैद्यांच्या आणि त्यांच्या जवळच्या वैद्यांच्या स्थलांतराचा इतिहास याच प्रश्नाच्या आधारे पाहू.

४/
प्रथम आपल्या किनाऱ्याकडे पाहू. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्हा पार तेरेखोलच्या खाडीपर्यंत पसरलेला होता. भातशेती तुटपुंजी, जमीन खडकाळ, खोतीचा भार. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या जिल्ह्याने मुंबईच्या गिरण्यांना माणसे पुरवली. गिरणगावातील कामगारांत रत्नागिरीकरांचा वाटा फार मोठा होता. गावची चूल मनीऑर्डरीवर पेटत असे. तेव्हा ‘चाकरमानी’ हा शब्द कोकणात नुसता नोकरदाराचा वाचक नाही. घराबाहेर राहून घर चालवणारा माणूस, असा त्याचा अर्थ आहे.

५/
या चाकरमान्याला मुंबईत प्रवेश कोण देत असे? गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम. तो गावचा किंवा ओळखीचा असला की बदली कामगार म्हणून उभे राहता येई. किनाऱ्यावरील अनेक कोकणी मुसलमान जहाजांवर खलाशी म्हणून गेले. तेथे सारंगाची ओळख आणि जहाजावरच्या नोकरीची नोंदवही पुरत असे. काहींची कुटुंबे दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनला स्थिरावली, पुढे आखाती देशांकडे ओघ वळला. प्रत्येक ठिकाणी दार होते आणि दारावर कोणीतरी उभा होता. परंतु ज्या कामाला माणसे हवी होती, त्याचे दार फारसे कुरकुरत नसे.

६/
वैद्यकाचे तसे नाही. माग चालवणाऱ्याचे कौशल्य पहिल्या दिवशी मागावर दिसते. दाढ काढणाऱ्याचे कौशल्य दाढ काढून झाल्यावर कळते, आणि तेव्हा रुग्णाला फार उशीर झालेला असतो. म्हणून समाज तेथे आधीच एखादा शिक्का मागतो. हा शिक्का कोणी द्यायचा, कोणाचा मानायचा आणि तो कोणत्या किनाऱ्यापर्यंत चालेल, हे मात्र रुग्णाच्या हिताबरोबरच राज्यसत्ता आणि गरज यांवरही ठरत आले आहे. पुढील सर्व प्रसंगांत हे तीन धागे वेगवेगळ्या रीतीने गुंतलेले दिसतील.

७/
आनंदीबाईंच्या काळात कोकणात ‘दातांचा डॉक्टर’ हा स्वतंत्र व्यवसाय जवळजवळ नव्हताच. बाभळीचे किंवा कडुनिंबाचे दातवण, राखुंडी, मीठ ही रोजची निगा. भाजलेल्या तंबाखूची मशेरी हिरड्यांना लावण्याची सवय स्त्रियांत खोलवर रुजलेली. ती दातांचे औषध मानली जाई, प्रत्यक्षात अपायकारक. दाढ असह्य झाली की वैदू, न्हावी किंवा बाजारात बसणारा दात काढणारा. कौशल्य पिढीजात, शिक्का कोणताच नाही.

८/
पाश्चात्य जगातही हा व्यवसाय फार जुना नव्हता. दंतवैद्यकाचे पहिले स्वतंत्र महाविद्यालय अमेरिकेत बाल्टिमोर येथे १८४० मध्ये निघाले. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने दंतशल्याचा परवाना देण्यास १८६० मध्ये आरंभ केला. ब्रिटनमध्ये १८७८ च्या कायद्याने दंतवैद्यांची नोंदवही सुरू झाली. पण नोंदणी नसलेल्यांना धंदा करण्यास खरी बंदी आली ती १९२१ च्या कायद्याने. म्हणजे ‘पदवीधर तोच दंतवैद्य’ ही आज स्वाभाविक वाटणारी कल्पना ब्रिटनमध्येही जेमतेम शंभर वर्षांची आहे.

९/
हिंदुस्थानात दंत महाविद्यालय नव्हते, तेव्हा शिकायचे तर परदेशी जाणे भागच होते. पूर्व बंगालात १८९० मध्ये जन्मलेले रफिउद्दीन अहमद असेच अमेरिकेस गेले. १९१५ मध्ये आयोवा विद्यापीठातून त्यांनी दंतवैद्यकाची पदवी घेतली आणि पुढे बॉस्टन येथील मुलांच्या फोर्सिथ दंत रुग्णालयात काम केले. तेथेच राहिले असते तर ते स्थलांतरितांच्या यादीतले एक यशस्वी नाव ठरले असते. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, ते परत आले.

१०/
१९२० मध्ये त्यांनी कलकत्त्यात देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले. पैशासाठी त्यांनी ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ नावाचे दुकान चालवले आणि त्याच्या उत्पन्नावर संस्था जगवली. ज्या गोड पाण्याने दात किडतात, त्याच पाण्याच्या विक्रीवर दंतवैद्यकाचे शिक्षण उभे राहिले, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. १९२५ मध्ये त्यांनी दंतवैद्यकाचे नियतकालिकही सुरू केले. २४ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिवस भारतात दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो.

११/
या कलकत्त्याच्या शिक्षणाचे फळ मुंबईलाही मिळाले. फातिमा जिना यांनी तेथे दंतवैद्यक शिकून १९२३ मध्ये मुंबईत दवाखाना उघडला. मुंबईत एखाद्या स्त्रीने दंतवैद्य म्हणून स्वतःचा दवाखाना थाटावा, ही त्या काळी अपूर्वाई होती. १९२९ मध्ये बंधू महंमद अली जिना यांच्या पत्नी रतनबाई निवर्तल्या. त्यानंतर फातिमांनी दवाखाना बंद केला आणि बंधूंचे घर सांभाळले. १९४७ मध्ये त्या पाकिस्तानात गेल्या. फाळणीच्या राजकारणात त्यांचे नाव वाचताना त्यांचा मूळ पेशा बहुधा आपल्या लक्षातही येत नाही.

१२/
मुंबईचा दुसरा धागा थेट रत्नागिरीत जन्मलेल्या माणसाच्या नावाशी जुळतो. असहकाराच्या चळवळीत सरकारी महाविद्यालये सोडलेल्या विद्यार्थ्यांसाठी १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडाच्या आधाराने मुंबईत राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सरकारी शिक्क्याला नकार देणे हाच त्याचा जन्महेतू. पुढे त्याला डॉ. नायर यांच्या रुग्णालयाचा आधार मिळाला. नंतर जोडले गेलेले ‘टोपीवाला’ हे नाव तळकोकणातील देसाई घराण्याचे. याच नायर रुग्णालयाच्या परिसरात १९३३ मध्ये दंत महाविद्यालय निघाले. आता मुंबईतच दंतवैद्य घडू लागले.

१३/
नेमक्या याच सुमारास शिक्क्याच्या राजकारणाचा मोठा प्रसंग घडला. तो वैद्यकीय पदव्यांचा आहे, पण त्याचा धडा दंतवैद्यकाला तंतोतंत लागू पडतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून हिंदी विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांना ब्रिटनची जनरल मेडिकल कौन्सिल मान्यता देत असे. पहिल्या महायुद्धानंतर कौन्सिलने आक्षेप घेतला: हिंदी विद्यार्थ्यांना प्रसूतिशास्त्राचा प्रत्यक्ष अनुभव पुरेसा मिळत नाही. तपासण्या झाल्या, पत्रव्यवहार झाला आणि १९३० मध्ये ही मान्यता काढून घेण्यात आली.

१४/
आक्षेपात तथ्य नव्हतेच, असे म्हणता येणार नाही. रुग्णालयात बाळंतपणासाठी येणाऱ्या स्त्रिया त्या काळी थोड्याच होत्या. परंतु हिंदी डॉक्टरांचा प्रतिप्रश्नही बिनतोड होता. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील वरिष्ठ जागा कोणाकडे? इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या, म्हणजे बहुतांशी ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे. शिकवणारे तेच आणि शिकवणे अपुरे असे ठरवणारे त्यांचेच देशबांधव. शिक्षा मात्र शिकणाऱ्याला. या वादातून १९३३ चा इंडियन मेडिकल कौन्सिल कायदा आला आणि १९३६ पासून मान्यता पुन्हा मिळू लागली.

१५/
आता तेरेखोलची खाडी ओलांडून गोव्यात जाऊ. पणजीस १८४२ मध्ये पोर्तुगीजांनी वैद्यक-शल्य विद्यालय स्थापन केले. आशियातील पाश्चात्य वैद्यकाच्या जुन्या विद्यालयांपैकी ते एक. तेथून शिकलेले गोमंतकीय मोझांबिक, अंगोला आदी पोर्तुगीज आफ्रिकेत आरोग्यसेवेत गेले. साथी आणि हिवताप असलेल्या, लिस्बनचे डॉक्टर जाण्यास नाखूश असलेल्या ठिकाणी त्यांनी काम केले. बढतीच्या पायऱ्यांवर मात्र ते बहुधा खालीच राहिले.

१६/
आणि हाच पदवीधर पोर्तुगालमध्ये पूर्ण डॉक्टर म्हणून काम करू इच्छी, तर त्याला तेथील विद्यालयात पुन्हा शिकावे लागे. एकच राजा, एकच ध्वज, एकच भाषा. पण पणजीची पदवी आफ्रिकेत चालणार आणि लिस्बनमध्ये अपुरी पडणार! मोझांबिकमधील रुग्णाचे शरीर लिस्बनमधील रुग्णापेक्षा वेगळे नव्हते. वेगळी होती ती गरज. जिथे कोणी जात नव्हते, तिथे अपुरी पदवीही पुरेशी ठरली. हा दाखला लक्षात ठेवा. लंडनच्या आजच्या गोष्टीत तो पुन्हा भेटणार आहे.

१७/
आतापर्यंत आपली माणसे बाहेर गेलेली पाहिली. दंतवैद्य बाहेरून आपल्याकडेही आले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चीनच्या हुबेई प्रांतातील लोक कागदी फुले विकत आणि दात बसवत देशोदेशी फिरले. हिंदुस्थानात कलकत्त्यापासून मुंबईपर्यंत ‘चायनीज डेंटिस्ट’ या पाट्या दिसू लागल्या. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. बापाकडून मुलाकडे आलेले हातातले कसब होते. कवळी बसवणे, सोन्याचा दात घालणे यांत त्यांचा लौकिक होता. स्वस्त दरामुळे सामान्य माणूस त्यांच्या पायऱ्या चढला.

१८/
दुसरा लोंढा अगदी निराळा. १९३३ नंतर जर्मनीतून आणि पुढे ऑस्ट्रियातून नाझी छळाला कंटाळून निघालेले ज्यू मुंबईस उतरले. त्यांच्या मदतीसाठी १९३४ मध्ये मुंबईत ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. या निर्वासितांत डॉक्टर आणि दंतवैद्यही होते. युरोपातील उत्तमोत्तम विद्यापीठांच्या पदव्या त्यांच्या पेटीत होत्या; पण त्यांच्या स्वतःच्या देशात त्या पदव्यांवर काम करण्याचा हक्क हिरावला गेला होता. पदवी खोटी ठरली नव्हती, ती धारण करणारा माणूस नको झाला होता.

१९/
चिनी कारागीर आणि युरोपीय पदवीधर या दोघांनाही मुंबईत धंदा मांडता आला, याचे एक कारण असे की दंतवैद्यकाविषयी अखिल भारतीय कायदाच तेव्हा नव्हता. बंगालने १९३९ मध्ये आपल्यापुरता कायदा केला होता. देशभरासाठी कायदा आला तो स्वातंत्र्यानंतर: डेंटिस्ट्स ॲक्ट, १९४८. त्यानुसार १९४९ मध्ये भारतीय दंत परिषद स्थापन झाली. आता शिक्का देणारा आपला होता. प्रश्न असा होता की आपण तो कोणावर मारणार?

२०/
कायद्याने व्यवहार्य तोडगा काढला. नोंदवहीचे दोन भाग केले. ‘अ’ भागात मान्य पदवीधर. ‘ब’ भागात पदवी नसलेले, पण वर्षानुवर्षे हाच धंदा करून पोट भरणारे. एका फटक्यात त्यांना बेकायदा ठरवले असते, तर हजारो रुग्णांना दंतवैद्यच उरला नसता. मात्र नव्या पिढीला बापाच्या कसबावर नोंदणी मिळणार नव्हती. तिला महाविद्यालयातच जावे लागणार होते. परदेशी पदव्यांविषयी परस्परांनी मान्यता द्यावी, अशा वाटाघाटींची तरतूदही या कायद्यात होती. १९३० चा अनुभव त्या काळी कोणी विसरले नव्हते.

२१/
चिनी दंतवैद्यांच्या वाट्याला मात्र नोंदवहीहून कठोर परीक्षा आली. १९६२ च्या युद्धानंतर सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या रहिवाशांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत ठेवण्यात आले. त्यांत प्रामुख्याने आसाम आणि बंगालमधील कुटुंबे होती. इतरत्रही चिनी रहिवाशांवर पोलिसांकडील नोंदणीचे आणि प्रवासाचे निर्बंध आले. पुढील वर्षांत अनेकांनी कॅनडा आणि अन्य देशांची वाट धरली. ज्या हातांवर कालपर्यंत गावाने आपला जबडा विश्वासाने सोपवला, त्या हातांचे कसब त्या वर्षी कामी आले नाही.

२२/
यानंतर प्रवाहाची दिशा पालटली. पूर्वी लोक शिकायला बाहेर जात आणि धंद्याला परत येत. आता इथे शिकून धंद्याला बाहेर जाऊ लागले. त्यामागे शिक्षणाचा विस्तार आहे. महाराष्ट्रात वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, १९८३ मध्ये, विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना वाट मोकळी झाली. दक्षिणेकडे कर्नाटकातही अशा संस्था वाढल्या. आज देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत. खेडसारख्या तालुक्याच्या गावी दंतवैद्यकाची खुर्ची आली, ती याच लाटेत.

२३/
तिकडे ब्रिटनमध्ये दार बंद होत होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवेला डॉक्टर हवे होते, तोवर भारतीय वैद्यकीय पदव्या चालल्या. १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात गेला. १९७५ मध्ये भारतीय वैद्यकीय पदव्यांची थेट मान्यता संपली आणि परीक्षेची अट आली. १९७८ मध्ये युरोपीय समुदायाने दंतवैद्यांच्या पदव्यांना परस्पर मान्यता देणारा नियम केला. १९८६ मध्ये पोर्तुगालही समुदायात आला. म्हणजे लिस्बनचा दंतवैद्य आता परीक्षेविना लंडनमध्ये नोंदणी करू शकत होता.

२४/
भारतीय दंतवैद्यासाठी मात्र परदेशी पदवीधरांची परीक्षा. २००७ पासून तिचे नाव ओव्हरसीज रजिस्ट्रेशन एक्झामिनेशन, अर्थात ओआरई. पहिला भाग लेखी, दुसरा प्रात्यक्षिकांचा. जागा मर्यादित, शुल्क पौंडांत, आणि पहिला भाग प्रथम दिल्यापासून पाच वर्षांत दुसरा पार करण्याचे बंधन. २०२० मध्ये कोरोनामुळे ही परीक्षा जी थांबली, ती २०२२ पर्यंत. त्या काळात कित्येकांनी दुसऱ्याच कामावर गुजराण केली. घरी शैक्षणिक कर्जाचे हप्ते चालूच होते. रत्नागिरीच्या चाकरमान्याने गिरणीच्या संपात जे सोसले, त्याच्याशी याचे नाते दूरचे नाही.

२५/
अमेरिकेची वाट आणखी लांब. तेथील बहुतेक राज्यांत मान्यताप्राप्त अमेरिकी किंवा कॅनडातील महाविद्यालयाची पदवी लागते. म्हणून भारतीय पदवीधर दोन ते तीन वर्षांच्या विशेष अभ्यासक्रमात पुन्हा विद्यार्थी होतो आणि प्रचंड शुल्क भरतो. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात समकक्षता परीक्षांची साखळी आहे. आखाती देशांत परवाना-परीक्षा असतात, पण वाट त्या मानाने आखूड. कोकणातून आखाताकडे जाण्याची जुनी पायवाट अनेक दंतवैद्य धरतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

२६/
आता पणजीचा दाखला आठवा. गेल्या काही वर्षांत ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत दंतवैद्य मिळेनासे झाले आणि रुग्णांना महिनोन्‌महिने ताटकळावे लागले. परिणाम? २०२३ मध्ये परदेशी दंतवैद्यांच्या नोंदणीचे नियम अधिक लवचीक करण्याची मुभा तेथील दंत परिषदेला देण्यात आली. २०२४ मध्ये देखरेखीखाली तात्पुरत्या नोंदणीचा प्रस्ताव सरकारने चर्चेस ठेवला. परदेशी पदव्या रातोरात सुधारल्या नव्हत्या. गरज वाढली होती. मात्र त्याच २०२३ मध्ये परदेशी दंतवैद्यांना साहाय्यक व्यावसायिक म्हणून नोंदणी घेण्याची जुनी वाट बंदही झाली. एक खिडकी उघडली, दुसरी मिटली.

२७/
याचा अर्थ परीक्षा हे केवळ ढोंग आहे, असा काढणे चुकीचे ठरेल. महाविद्यालये झपाट्याने वाढली की सर्वांचा दर्जा सारखा राहत नाही, हे आपणही जाणतो. भारताने २०२३ मध्ये १९४८ च्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोग कायदा आणला, त्यात पदवीनंतर समान निर्गम परीक्षेची तरतूद आहे. रुग्णाला संरक्षण हवेच. आक्षेप आहे तो एवढाच की हातांची पारख एकाच मापाने व्हावी. लिस्बनच्या हाताला एक माप आणि खेडच्या हाताला दुसरे, हे कोणत्याही दंतशास्त्रात बसत नाही.

२८/
आणि आपल्या गावाचे काय? प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रचनेत दंतवैद्य सहसा नसतोच. शहरात एका रस्त्यावर चार दवाखाने आणि आतल्या वाडीत दुखरी दाढ घेऊन एसटीची वाट पाहणारी आजी, हे चित्र आपल्या परिचयाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आरोग्य-कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीविषयी आचारसंहिता केली. तिचा आग्रह असा की श्रीमंत देशांनी गरजू देशांचे मनुष्यबळ ओढून घेऊ नये. पण जो तरुण गावात नोकरीच नाही म्हणून निघतो, त्याला ओढले गेले म्हणावे की ढकलले गेले?

२९/
हा सारा पट पाहिल्यावर तीन गोष्टी स्पष्ट होतात. पदवीची मान्यता ही निसर्गाने दिलेली वस्तू नव्हे. ती दिली जाते, काढली जाते, पुन्हा दिली जाते. १९३० ते १९३६ या सहा वर्षांत हिंदी डॉक्टरांचे हात बदलले नव्हते, पण हिंदी डॉक्टर संघटित झाले आणि देशात स्वतःची परिषद उभी राहिली. दुसरे, मान्यता गरजेच्या पाठीमागून चालते, मग ती मोझांबिकची असो की लंडनची. तिसरे, आपणही या दाराच्या आत उभे राहून इतरांना जोखले आहे. हुबेईच्या कारागिरांचा विसर पडता कामा नये.

३०/
जे तरुण वाचक दंतवैद्यकाची पदवी घेऊन परदेशी जाण्याच्या विचारात असतील, त्यांना इतिहास ‘जा’ किंवा ‘जाऊ नका’ असे सांगत नाही. तो एवढेच सांगतो की आज उघडी दिसणारी वाट कोणाच्या गरजेमुळे उघडी आहे आणि ती गरज किती टिकेल, हे कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी पाहावे. मुकादमाची नजर कोणाकडे वळली आहे, हे गिरणीत जाणाऱ्या आपल्या पणजोबांना बरोबर कळत असे. तेवढे भान पुरे.

३१/
शेवटी एक विनंती. आपल्या घरी जुन्या दंतवैद्याची पावती, ‘ब’ भागातील नोंदणीचा दाखला, आफ्रिकेतून किंवा आखातातून आलेली डॉक्टर आजोबांची पत्रे असतील, तर ती रद्दीत घालू नका. कोणाच्या गावी चिनी दंतवैद्याचा दवाखाना होता का, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून ठेवा. गिरणगावाचा इतिहास थोडाफार लिहिला गेला. या पांढरपेशा चाकरमान्यांचा अजून विखुरलेलाच आहे. धागा येथे पूर्ण झाला. उपयुक्त वाटल्यास मित्रांपर्यंत अवश्य पोहोचवा.